पाऊण, पूर्ण, सव्वा, दीड

कब्बन पार्कमधल्या अष्टकोनी बँडस्टँडवर लष्करी बँडचा कार्यक्रम संपत आला होता. शेवटच्या चालीआधी दोन मिनिटांची उसंत मिळाली, तेव्हा मागच्या रांगेतल्या ट्यूबावाल्या जवानाने आपले वाद्य मांडीवरून उचलले, झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तसे ते सावकाश कलते केले, एक वाकडी नळी खेचून बाहेर काढली आणि तिच्यातले पाणी कठड्यापलीकडच्या गवतावर ओतले. चांगले घोटभर पाणी होते. माझ्या बाकावरचा एक लहान मुलगा खुदकन हसला. त्याला ती थुंकी वाटली. थुंकी ती नव्हे, निदान फारशी नव्हे. माणसाच्या छातीतली ऊबदार, ओलसर हवा कितीतरी हात लांबीच्या गार पितळेतून फिरत जाते, वाटेत निवते आणि तिचे दव होते. डिसेंबरातल्या बंगळुरी संध्याकाळी तर ते अंमळ अधिकच होते.

ट्यूबाचा आस्वाद घ्यायचा तर आपण या घोटभर पाण्यापासूनच निघू. कारण हे वाद्य श्वासाला फिरायला ऐसपैस जागा मिळावी म्हणून घडवलेले आहे, हे त्या पाण्याने आधीच सांगून टाकले आहे. तुतारी फुंकणाऱ्याचे ओठ जे करतात तेच ट्यूबावाल्याचे ओठ करतात, मिटतात आणि थरथरतात; पण तुतारीवाला आपला श्वास समोरच्या गर्दीवर भिरकावतो, तर ट्यूबावाला तो आत सोडतो आणि तो वळशावळशाने कसा रुंदावत जातो याची वाट पाहतो. लग्नाच्या बँडमध्ये अंगाभोवती वेटोळे घालून डोक्यावरून तोंड वासणारा सूझाफोन आपण कधी ना कधी पाहिलेला आहे. ट्यूबा हा त्याचा थोरला भाऊ, मांडीवर बसणारा आणि आभाळाकडे पाहणारा. नाव जुने आहे, रोमन सैन्यात एका सरळसोट तुतारीला 'ट्यूबा' म्हणत. वाद्य मात्र तरुण. १२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये, प्रशियाच्या लष्करी संगीतात आयुष्य घालवलेला विल्हेल्म व्हीप्रेख्ट आणि वाद्यकार योहान गोटफ्रीड मोरित्झ या दोघांनी 'बास ट्यूबा'चे पेटंट घेतले. ऑर्केस्ट्राच्या मंचावर तो मागाहून आला, तेव्हा बँडस्टँडवर त्याला भेटणे म्हणजे एका परीने त्याच्या माहेरी जाऊन भेटणे.

आता त्याच्या अंगाकडे पाहू. सगळे वेटोळे उलगडून नळी सरळ केली तर ती किती लांब भरेल, यावर ट्यूबाचा मूळ सूर ठरतो. एफ ट्यूबा सुमारे १२ फूट, ई फ्लॅट १३, सी १६ आणि बी फ्लॅट १८ फूट. पहिले दोन बास, पुढचे दोन कॉन्ट्राबास. आणि कॉन्ट्राबासचा मान बोहेमियातल्या ह्राडेट्स क्रालोवे गावच्या चेर्वेनी या वाद्यकाराकडे, १८४५ च्या सुमाराचा. बी फ्लॅट ट्यूबाचा तळाचा मूळ सूर सेकंदाला जेमतेम २९ आंदोलनांचा. तो कानाने ऐकण्यापेक्षा बाकाच्या फळीतून अधिक कळतो. यातला कुठला ट्यूबा मांडीवर घ्यायचा याच्या देशोदेशी रूढी पडल्या आहेत. अमेरिकन ऑर्केस्ट्रात सी, रशियात बी फ्लॅट; जर्मनीत खोल कामाला बी फ्लॅट आणि नाजूक कामाला एफ; इंग्लंडात गेली कित्येक दशके ई फ्लॅट; व्हिएन्नाने तर सहा कळांचा स्वतःचा एफ ट्यूबा जपला. घराणीच म्हणायची ही. आणि घराण्यांप्रमाणेच, दुसऱ्याचे ते चूक हे इथेही ठामपणे सांगितले जाते.

पण लांबीने फक्त सूर ठरतो. खरी गंमत पुढे आहे. दोन सी ट्यूबा घ्या, दोघांची नळी १६ फुटांची, दोघांचा सूर तोच. तरी एकाचा खर्ज अंधाऱ्या देवळातल्या गारव्यासारखा सर्वांगाला वेढतो आणि दुसऱ्याचा खर्ज कातीव दगडासारखा समोर उभा राहतो. हे ऐकताना आपण मराठी माणसांनी मिरजेला जावे. फरीदसाहेब सतारमेकरांच्या परंपरेतला कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतो तेव्हा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या वाळलेल्या कडू भोपळ्यांच्या राशीतून एकेक उचलतो, फिरवतो, टिचकी मारतो, पुन्हा ठेवतो. तारा त्याच, खुंट्या त्याच. पण पोटातली पोकळी कशी फुगली आहे, गळ्याशी किती अचानक आवळली आहे, यावर त्या तंबोऱ्याचा स्वभाव ठरणार हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. ट्यूबा घडवणाऱ्याला निसर्ग असा आयता भोपळा देत नाही. त्याला तो पितळेच्या पत्र्यातून स्वतः काढावा लागतो.

आणि हा भोपळा तो कसा काढतो हे पाहणे पुण्याच्या तांबट आळीत बालपण घालवलेल्या कुणालाही परके वाटणार नाही. जुन्या पद्धतीत पत्रा कापतात, कडा जुळवून झाळतात, मग लोखंडी साच्यावर चढवून ठोकत ठोकत भोंग्याचा आकार आणतात. बंबावर, घंगाळावर मठारकाम करणारा हात आणि हा हात एकाच कुळीचे. नळ्या वाकवायची युक्ती तर मला विशेष आवडते: नळीत वितळलेली राळ ओतायची, ती घट्ट होऊ द्यायची, मग वाकवायची, म्हणजे आतला पोकळ गोलवा चेपत नाही, आणि शेवटी तापवून राळ काढून टाकायची. वळण देण्यासाठी पोकळीला थोडा वेळ भरीव करायचे! तांब्याचे प्रमाण वाढवून तांबूस पितळेचा भोंगा केला की आवाज गडद होतो असे पुष्कळ वादक मानतात. तसे असेलही, पण माझ्या कानाला धातूच्या रंगापेक्षा आकाराचा फरक फार मोठा ऐकू येतो.

त्या आकाराचे सूत्र एका वाक्यात सांगता येते आणि आयुष्यभर पुरत नाही: नळी कुठे, किती लवकर आणि किती रुंदावते. कॉफीच्या पेल्याचे पिल्लू शोभेल असा तो माउथपीस, त्यापुढची निमुळती नळी, मग कळांच्या भागातली जवळपास सारख्याच व्यासाची वाट, आणि तिथून पुढे एकामागून एक जाड होत जाणारे वळसे. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राच्या प्रसिद्ध यॉर्क ट्यूबाची कळांमधली नळी सुमारे १९ मिलिमीटर आणि भोंग्याचे तोंड सुमारे ५१ सेंटिमीटर. सव्वीस पटींहून अधिक विस्तार. हा विस्तार शेवटाकडे एकदम होऊ दिला तर वरचे उपस्वर जागे राहतात, सुराला कणा येतो, कड येते. तोच लवकर सुरू केला, तळाच्या वळशालाच गरोदर भोपळ्यासारखा घेर दिला, तर मूळ सूर पुष्ट होतो, कडा विरघळतात आणि आवाज वाद्यातून निघाल्यासारखा न वाटता सभागृहातूनच उगवल्यासारखा वाटतो. लांबी सूर देते, घेर स्वभाव देतो.

जर्मनीतल्या माइन्झ गावचे अलेक्झांडर हे घर १७८२ पासून पितळी वाद्ये करते. त्यांचा १६३ हा ट्यूबा पाहिला की प्रथम जाणवतो तो त्याचा उभेपणा. भोंगा तुलनेने अरुंद, गळा लांब, रोटरी कळा पोटाशी एका ओळीत. आवाजात एक घट्ट गाभा आहे, आणि त्या गाभ्याभोवती तांबूस झळाळी. पन्नास फुटांवरून ऐकला तरी त्याची कड बोथट होत नाही. याचे काही सूर जागेवर बसत नाहीत, वादकाला ते ओठांनी ओढून आणावे लागतात, ही तक्रार या ट्यूबाइतकीच प्रसिद्ध आहे. आणि तरी लोक तो सोडत नाहीत. गळा किंचित फाटलेला असूनही ज्याच्या एका 'सा'साठी आपण रात्रभर मांडी घालून बसतो अशा गवयाची आठवण येते.

त्याच्या समोर यॉर्क ठेवा. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावी यॉर्क कंपनी मुख्यतः बँडची वाद्ये करी. १९३० च्या दशकात तिने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या फिलिप डोनाटेलीसाठी दोन प्रचंड सी ट्यूबा घडवले. बुटके, रुंद, पिस्टन कळा पुढून दाबायच्या, तळाचा वळसा असा की त्यात पोर बसेल. आणि झाले काय, तर डोनाटेलीच्या स्थूल देहाला ते वाद्य जमेना. मांडी, पोट आणि माउथपीस यांचा मेळ बसेना. त्याने एक ट्यूबा आपल्या कर्टिस इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्याला १७५ डॉलरना देऊन टाकला. तो विद्यार्थी म्हणजे आर्नल्ड जेकब्ज. १९४४ पासून १९८८ पर्यंत तो शिकागोत वाजवत राहिला. पुढे जगातल्या ट्यूबावाल्यांना सर्वांत आधी आठवावा असा आवाज याच वाद्यातून आला. एका माणसाच्या पोटाला न जमलेल्या वाद्याने एका शतकाची अभिरुची घडवली, हे मला फार लोभस वाटते.

जेकब्जच्या फुप्फुसांची क्षमता दम्यामुळे आणि आजारपणांमुळे सामान्यांहूनही कमी होती. जगातले एक अत्यंत विशाल वाद्य आणि ते वाजवायला तोकडा श्वास! म्हणून असेल, त्याच्या शिकवणीत स्नायूंची चर्चा कमी आणि दोनच गोष्टी वरचढ असत: मनातले गाणे आणि वाहता श्वास. फ्रित्झ रायनरच्या हाताखाली शिकागोने १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले मुसॉर्गस्कीचे 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' आपण ऐकूया, त्यातला शेवटचा कीवचा महादरवाजा. तिथे ट्यूबा कुठे वाजतो हे सांगता येत नाही. ट्रॉम्बोनांच्या पायांखाली जमीन आहे एवढेच कळते. ती काढून घेतली तर काय होईल या कल्पनेने मात्र जीव दडपतो. आवाज मोठा आहे का? मोठा म्हणण्यापेक्षा रुंद आहे. विशाल ट्यूबाचे विशालपण गर्जनेत नसते, हे एकदा कानाला कळले की बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप कळू लागतात.

त्याच रचनेत, रॅव्हेलने तिच्यासाठी १९२२ मध्ये केलेल्या वाद्ययोजनेत, आणखी एक गोष्ट लपलेली आहे. 'बिद्वो' नावाचा तुकडा, पोलिश भाषेत गुरेढोरे. एक बैलगाडी लांबून येते, धुरळा उडवत, चाके करकरवत जवळून जाते आणि क्षितिजावर विरते. आपल्याला हे दृश्य समजावून सांगायला नको. आपल्या कानात ती करकर आहेच. जू मानेवर घेतलेल्या त्या बैलांचे जडपण रॅव्हेलने ट्यूबाला दिले खरे, पण कुठल्या ट्यूबाला? त्या काळच्या फ्रेंच ऑर्केस्ट्रातल्या लहानशा, सहा कळांच्या सी ट्यूबाला, जो आजच्या सी कॉन्ट्राबासपेक्षा पूर्ण सप्तकभर वर बोलतो. म्हणून ते गाणे इतके उंच चढते की थोरल्या ट्यूबावाल्याला घाम फुटतो आणि बऱ्याच ठिकाणी ते युफोनियमवर वाजवून मोकळे होतात. सर्वांत जड चित्र सर्वांत लहान ट्यूबाकडे! उंच सुरात ताणलेल्या लहान वाद्याचा तो किंचित केविलवाणा, ओझ्याखालचा आवाजच बैलाचा आवाज आहे. दांडग्या यॉर्कने तो सहज उचलला असता तर आपल्याला गाडी दिसली असती, बैल दिसले नसते.

कळांकडे वळू. पिस्टन वर-खाली जातो, रोटरी पाव वळसा फिरते. फ्रेंच-अमेरिकन हात पिस्टनवर वाढला, जर्मन-ऑस्ट्रियन हात रोटरीवर. रोटरीवर एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना कडी लागल्यासारखा बारीकसा खटका येतो, पिस्टनवर तीच वाट लोण्यातून गेल्यासारखी जाते, असे वादक सांगतात. पण मला कळांपाशी थांबायचे आहे ते एका लहानशा हिशेबासाठी. दुसरी कळ दाबली की नळीत एवढी भर पडते की सूर अर्ध्या स्वराने उतरावा. पहिलीने एक स्वर, तिसरीने दीड. सोळा फुटी सी ट्यूबाची लांबी साधारण ४९० सेंटिमीटर धरा. पहिली कळ सुमारे ६० सेंटिमीटर जोडते, तिसरी सुमारे ९३. दोन्ही मिळून अडीच स्वर उतरावेत अशी अपेक्षा. त्यासाठी हवी १६४ सेंटिमीटरची भर, आणि मिळते फक्त १५३. कारण तिसरीची लांबी मोकळ्या नळीसाठी मापली होती, पहिलीने आधीच लांबवलेल्या नळीसाठी नव्हे. अकरा सेंटिमीटर कमी. अर्धी वीत! त्या अर्ध्या वितीने सूर चढा लागतो, आणि कान असलेल्या वादकाला तो दाढेत अडकलेल्या तुसासारखा टोचतो.

ट्यूबाच्या रचनेतल्या निम्म्या युक्त्या या अर्ध्या वितीच्या मागे धावताना सुचलेल्या आहेत. कुणी चौथी कळ दिली, तिच्यात ती १६४ ची पुरी लांबी एकदम घातली. मग आणखी खाली अडले म्हणून पाचवी, सहावी. लंडनच्या बूझी कंपनीतल्या डेव्हिड जेम्स ब्लेकलीने १८७४ मध्ये अशी योजना केली की चौथी कळ दाबताच हवा इतर कळांमधून दुसऱ्यांदा फिरून यावी आणि वाटेत तुटीची लहान नळकांडी आपोआप जोडली जावीत; ब्रिटिश ई फ्लॅट ट्यूबाच्या पाठीवरचे ते गचपण त्यातूनच आले. अमेरिकन वादकाने अधिक साधा उपाय काढला: पहिल्या कळेची नळी वरच्या बाजूला काढून घ्यायची आणि वाजवता वाजवता डाव्या हाताने ती खेचत-ढकलत राहायची. मला हा उपाय सर्वांत संगीतमय वाटतो. उजवा हात सूर निवडतो, डावा हात तो जुळवतो. सतारीवर मींड काढणाऱ्या बोटाला जे श्रुतीचे भान असते तेच इथे तळहाताला आलेले असते. बँडस्टँडवरच्या आपल्या जवानाच्या वाद्याला तीनच कळा होत्या. त्याची अर्धी वीत तो ओठांनी भरून काढत होता. खालच्या सुरांवर येताच त्याच्या हनुवटीखाली दिसे न दिसे अशी एक ओढ उठत होती.

आता शीर्षकाचे देणे फेडतो. ट्यूबाच्या घेराला जगभर चतुर्थांशांत मोजतात: ३/४, ४/४, ५/४, ६/४. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे आकडे अवघडल्यासारखे उच्चारावे लागतात; मराठीला मात्र हे अपूर्णांक घरचे. पाऊण, पूर्ण, सव्वा, दीड. पाऊण ट्यूबा शाळकरी मुलांचा आणि अडचणीच्या जागेचा. पूर्ण म्हणजे रोजच्या कामाचा, मिराफोनच्या १८६ सारखा. सव्वा म्हणजे रुडॉल्फ माइनलचा भरदार रोटरी. आणि दीड म्हणजे यॉर्क आणि त्याचा गोतावळा. मौज अशी की या मापामागे कुठलेही प्रमाणित माप नाही. एका कारखान्याचा सव्वा दुसऱ्याच्या दीडाच्या मांडीला मांडी लावून बसतो. खानावळीतली 'वाटी' जशी प्रत्येक खानावळीची आपापली, तसाच हा हिशेब.

या दीडाच्या मोहात सारे जग पडले. स्वित्झर्लंडमधल्या झुमिसवाल्डच्या हिर्सब्रुनरने शिकागोचे यॉर्क मोजून त्यांची प्रतिकृती केली, जपानच्या यामाहाने ८२६ हा नमुना काढला, पुढे चीनपर्यंत ही साथ पोचली. दोन्ही मूळ ट्यूबा आता शिकागो ऑर्केस्ट्राच्याच मालकीचे आहेत. प्रतिकृती उत्तम आहेत, काही तर मुळापेक्षा सुरात अधिक पक्क्या. तरी माझा कल विचाराल तर मी सव्व्याकडे झुकेन. दीड ट्यूबा वीस जणांच्या पितळी ताफ्याला पांघरूण घालतो खरा, पण लहान सभागृहात आणि सामान्य फुंकेत तो पांघरुणाचे ओझे करतो. सुरांच्या कडा दिसेनाशा होतात आणि सारेच भव्य असल्यामुळे काहीच भव्य राहत नाही. सव्व्यात गाभाही राहतो आणि गारवाही.

छताचाही यात वाटा आहे. ट्यूबाचा भोंगा आभाळाकडे असतो, म्हणजे श्रोत्यापर्यंत जो खर्ज पोचतो त्यातला पुष्कळसा छताला आपटून आलेला असतो. उघड्या मैदानात तो पाखरांना ऐकू जातो. संचलनाच्या बँडांनी भोंगा पुढे वळवून सूझाफोन पत्करला तो याच व्यवहारी कारणाने. कब्बन पार्कच्या बँडस्टँडला छप्पर आहे, आणि त्या संध्याकाळी मी मुद्दाम उठून बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत जाऊन उभा राहिलो: छपराच्या रेषेत असताना खर्ज गोल, भरलेला येत होता, दहा पावले बाजूला झालो की वरची चाल तशीच ऐकू येई पण तिच्या पायाखालची फरशी कुणी हळूच काढून घेतल्यासारखे होई. वाद्य बंगळूरच्या हवेत वाजत होते, पण त्याचा शेवटचा वळसा बँडस्टँडचे छप्पर होते. याच शहरात मल्लेश्वरमच्या बाजूला व्हायोलिनच्या आकाराचे चौडय्या सभागृह १९८० पासून उभे आहे. ट्यूबाच्या आकाराची इमारत कुणी बांधली तर लोकांना ती पाण्याची टाकी वाटेल.

आणि या शहराच्या राजवाड्याशी ट्यूबाचा एक अगदी पुसट धागा जुळतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वडियार १९७४ मध्ये बंगळूर पॅलेसमध्ये निवर्तले. हा कर्नाटक संगीतातल्या ९४ कृतींचा रचनाकार पाश्चात्त्य संगीताचाही तितकाच डोळस रसिक. १९४८ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचा पहिला अध्यक्ष. रिचर्ड स्ट्राउसची 'चार अंतिम गीते' त्याच्या मृत्यूनंतर २२ मे १९५० रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम गायली गेली, कर्स्टन फ्लाग्स्टाट गायिका, फुर्टवेंग्लर संचालक, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा. आणि त्या कार्यक्रमासाठी ४,८०० डॉलरची हमी महाराजांची. ते स्वतः जाऊ शकले नाहीत, पण त्याचे ध्वनिमुद्रण म्हैसूरला यावे, सुमारे २०,००० तबकड्यांच्या आपल्या संग्रहात असावे, ही त्यांची इच्छा होती. त्या गीतांच्या वाद्यवृंदात स्ट्राउसने एक ट्यूबा ठेवला आहे. इंग्लिश ऑर्केस्ट्रात त्या काळी आजच्यासारखा दीड ट्यूबा नसे, लहानसर एफ ट्यूबाची चाल होती. तेव्हा महाराजांच्या कानी पडलेला खर्ज हा पाऊण-पूर्णाचाच असणार. मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या त्या संध्याकाळच्या सुरावटीत तो ट्यूबा कान देऊन शोधावा लागतो. सापडला की मग लपत नाही.

असे शोधण्याचे आणखी एक ठिकाण सुचवतो आणि थांबतो. ड्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी, १८९३ ची, बहुतेकांच्या घरी आता मोबाइलवर तरी असतेच. तिचा दुसरा भाग लावा, लार्गो, आणि आरंभी पितळी वाद्ये जी गंभीर पावले टाकतात त्यांच्या तळाशी कान न्या. पाऊण तासाच्या त्या संबंध सिंफनीत ट्यूबावाल्याला फक्त याच भागात काम आहे, आणि तेही एकूण चौदा सुरांचे. मोजून पाहा. उरलेला सगळा वेळ तो वाद्य मांडीवर घेऊन बसलेला असतो.